हात छाप

माझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक चट्टा आहे. चिकूच्या बीसारखा लांबट आणि चकचकीत. घरी मी सांगितलं होतं, वडे तळताना तेल उडालं. शाळेतही तेच सांगितलं. मी सहसा खोटं बोलत नाही, त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि ते खोटं वीस वर्षं टिकलं.

तो चट्टा ॲसिडचा आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. तलासरीजवळच्या एका मोठ्या शाळेत माझा नवरा शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. दोन वर्षं मी वर्ग झाडले. मग मला अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत टाकलं, कारण तिथे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वास येतो म्हणायचे. माझा नवरा वापीच्या केमिकल कारखान्यांतले रिकामे ड्रम हायवेवरून आणून पाणी साठवायचा, त्या ड्रमांना महिना महिना वास यायचा. मला वासाचं काही वाटत नव्हतं. कागदावर माझं पद प्रयोगशाळा परिचर. काम म्हणजे काचेच्या नळ्या धुणं, टेबलं पुसणं, सर सांगतील ती बाटली काढून देणं आणि परत जागेवर ठेवणं.

बाटल्यांवर सगळं इंग्रजीत. मला मराठीच सावकाश वाचता येतं. पण दुकानात तरी कोण वाचून वस्तू घेतो? आमच्या पाड्यात तांदळाची गोण, विडीचं बंडल, काडेपेटी, सगळं छापावरून ओळखतात. हत्ती छाप, मोर छाप, चावी छाप. बाटल्यांवरही छाप होते. काहींवर आग, काहींवर कवटी. पुष्कळ बाटल्यांवर एक हात होता आणि त्यावर वरून थेंब पडत होता. मला तो हात धुताना दिसला. म्हणून मी त्याला हात छाप म्हणू लागले. हात छाप कंपनीचा माल. कवटी छाप दुसऱ्या कंपनीचा, तो मला उगाच भीतीदायक वाटायचा, म्हणून त्याला मी जपून हात लावायचे. हात छापला नाही.

तेव्हाचे विज्ञानाचे सर चांगले होते. मी एकदा त्यांना म्हटलं, सर, हात छाप संपत आली. ते हसले आणि पुढे स्वतःच म्हणू लागले, मावशी, जरा ती हात छाप काढा बघू. त्यांना वाटलं, चित्राचा अर्थ कळला म्हणून मी असं म्हणते. मला वाटलं, कंपनीचं नाव मी बरोबर धरलं म्हणून ते तसं म्हणतात. तीस वर्षांत दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

आता तळाच्या कॅनबद्दल सांगते, कारण खरा दोष तिथे आहे आणि तो माझा आहे.

आमच्याकडे तळाचं टाकत नाहीत. तेलाचा डबा संपला की त्यात गरम भात फिरवून खातात. मसाल्याची बरणी पाण्याने विसळून ते पाणी कालवणात जातं. शाळेत मात्र बाटलीत दोन बोटं ॲसिड राहिलं की सर नवी बाटली फोडायचे आणि जुनी कोपऱ्यात ठेवायचे. वर्षाच्या शेवटी अशा दहा-बारा बाटल्या जमायच्या. इकडे शाळेच्या संडासाला फिनेल पुरत नव्हतं. मी एक काळा प्लास्टिकचा कॅन आणला आणि हात छाप बाटल्यांमधलं तळाचं त्यात ओतायला लागले. त्याने संडासाच्या लाद्या अशा निघायच्या की पाहुणे विचारायचे, नवीन बसवल्या का. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. विज्ञानाच्या सरांना कॅनची खबर नव्हती. ते पुढच्या खोलीत शिकवायचे, कॅन मागच्या कपाटाखाली असायचा.

त्याच काळात एकदा एका बाटलीत थोडं राहिलं होतं. घट्ट, तेलासारखं. मी मसाल्याच्या बरणीसारखं त्यात पाणी घातलं आणि हलवलं. बाटली हातात तापली आणि तोंडातून फस्सकन उडालं. मी मनगट नळाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग बाटली धुऊन ठेवली, लाद्या पुसल्या आणि घरी गेले. सांगितलं असतं तर कॅन बंद झाला असता आणि माझं झालेलं कौतुक उलटलं असतं. नोकरी नवऱ्याच्या जागेवर मिळालेली, ती जाईल अशीही भीती होती. त्याच आठवड्यात सर पोरांना सांगताना मी मागे नळ्या धूत होते. ते म्हणाले, ॲसिडमध्ये पाणी कधी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हळूहळू. मी मनात म्हटलं, अच्छा, असं होतं ते. मला वाटलं, आता मला सगळं कळलं.

निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ दिला. भाषणात सांगितलं, मावशींच्या हाताखाली प्रयोगशाळेत एकही अपघात झाला नाही. मी उजवा हात पदराखाली घेतला होता.

माझ्या जागी आमच्याच पाड्यातली एक सून लागली. रोजंदारीवर, कायम नाही. तिचा नवरा तिकडे गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी, पावसाळा सोडला तर घरी नसतो. घरात दोन मुली आणि आंधळी सासू. ती स्वतः हुशार, सातवी झालेली, पण इंग्रजीत तीही माझ्यासारखीच. मी तिला पंधरा दिवस शिकवलं. ही आग छाप, बत्तीपासून लांब ठेव. ही कवटी छाप, पदर तोंडाला बांध. ही हात छाप. संपली की तळाचं या कॅनमध्ये. पाण्यात ओत, वर पाणी ओतू नको. तिने विचारलं होतं, असं का. मी म्हटलं, उडतं. मनगट दाखवलं नाही.

पुढे कोरोना आला. शाळेला जंतुनाशकाचे निळे कॅन मिळाले. कोरोना संपला तरी ते येत राहिले. त्यांच्यावरही तो हात होता.

गेल्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार होते, म्हणून आदल्या दिवशी तिला मुलींचा संडास चकाचक करायला सांगितलं. तिने तळाचं ॲसिड पाण्यात ओतलं, अगदी मी सांगितलं तसंच, आणि लाद्यांवर पसरलं. लाद्या पिवळ्याच राहिल्या. तेव्हा तिने निळ्या कॅनमधलं वर ओतलं. दोन्हींवर हात छाप, एकाच कंपनीचा माल, एकमेकांना काय करणार? दार तिने लावून घेतलं होतं, कारण साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. धूर हिरवट पिवळा होता, असं तिने नंतर सांगितलं. कडी तिला लगेच सापडली नाही. मुलींनी दार वाजवलं तेव्हा ती आतून खोकत होती. बाहेर आली ती हातापायांवर.

मला पाड्यात कळलं तेव्हा तिला जीपने तलासरीला नेलं होतं आणि तिथून वापीला. तिची सासू दिसत नसताना उठून निघायला बघत होती. मी तिला खाली बसवलं आणि दुसऱ्या जीपने मीच गेले.

दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी होती. डोळे सुजलेले, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टर गुजराती बोलत होते, मधेच हिंदी. ते विचारत होते, काय काय एकत्र केलं, ते समजायला पाहिजे. तिला बोलता येत नव्हतं. तिने हात वर केला आणि पंजा डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांना वाटलं, थांबा म्हणतेय. ते थांबले. तिने पुन्हा पंजा दाखवला. मग माझ्याकडे बघून दाखवला.

मला कळलं. मी डॉक्टरांना म्हटलं, संडास धुवायचं ॲसिड होतं. हात छापचं काही बोलले नाही.

तिच्याबरोबर विज्ञानाच्या नव्या मॅडम होत्या. शाळेत येऊन त्यांना सहा महिने झाले होते. मागचं कपाट त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं, हे त्यांनीच मला बाकावर बसून सांगितलं. निळ्या कॅनचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता, डॉक्टरांना दाखवायला काढलेला. त्यांनी तो मलाही दाखवला.

मी म्हटलं, "हो, हात छाप."

"छाप म्हणजे?"

"कंपनीचा. हात धुतानाचा."

 त्यांनी दोन बोटांनी ते चित्र मोठं केलं आणि मोबाईल माझ्या डोळ्यांजवळ धरला.

"मावशी, हा हात धुतानाचा नाही. हा जळतोय. बघा, वरून थेंब पडतोय आणि हाताला खड्डा पडलाय."

खड्डा होता. तीस वर्षं मी ते चित्र रोज बघितलं होतं आणि खड्डा बघितला नव्हता. मॅडमनी सांगितलं की ती कंपनीची खूण नाहीच. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही धोका कळावा म्हणून ती चित्रं काढलेली असतात. म्हणजे माझ्यासाठीच काढली होती. मग मी विचारलं, दोन्हींवर एकच हात, तर दोन्ही एकच नाहीत का. त्या म्हणाल्या, चित्र एवढंच सांगतं की हे अंग जाळतं. दोन जाळणाऱ्या वस्तू एकत्र आल्या की काय होईल, ते चित्रात नसतं. ते शिकवावं लागतं.  मला बरं वाटलं असतं त्या रागावल्या असत्या तर.

चौथ्या दिवशी तिची नळी काढली. पंधरा दिवसांनी ती घरी आली, पण चूल पेटली की तिला उठून बाहेर जावं लागायचं. कांद्याची फोडणी नको, उदबत्ती नको. पाणी भरायला निम्म्या वाटेत बसायची. मुली स्वयंपाक करू लागल्या. नवऱ्याला फोन गेला होता, पण बोट समुद्रात होती आणि मालकाने हंगाम संपेपर्यंत सोडलं नाही.

मग शाळेने चौकशी लावली. मला बोलावणं आलं आणि घ्यायला गाडीही आली. आयुष्यात शाळेची गाडी मला घ्यायला आली ती एकदाच.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच जण होते. संस्थेचे दोन, मुख्याध्यापक, क्लार्क आणि कोपऱ्यात मॅडम. ती नव्हती, तिला बोलावलंच नव्हतं. चहा आला, माझ्यासाठी बिस्किटंही. मुख्याध्यापक म्हणाले, मावशी, तुम्ही जुन्या जाणत्या, तुमची फक्त सही पाहिजे. क्लार्कने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की चार्ज देताना मी तिला सर्व रसायनांची आणि त्यांच्या धोक्यांची पूर्ण माहिती दिली होती, आणि तरीही तिने निष्काळजीपणे ती मिसळली. खाली माझं नाव आणि माझ्या नोकरीची वर्षं, आणि त्या वर्षांत एकही अपघात नाही, हेही.

सही केली की ती घरी बसणार हे सरळ होतं. रोजंदारीच्या बाईला कोण ठेवतं? आणि दवाखान्याचंही शाळा बघणार नाही, कारण चूक तिची. मी बिस्कीट खाल्लं. खोटं सांगत नाही, मी विचार केला. शाल-नारळाचा फोटो घरी भिंतीवर आहे. माझी नात तो पाहुण्यांना दाखवते. मला वाटलं, ही पोर तरुण आहे, हिला दुसरीकडे काम मिळेल. मग वाटलं, कुठे मिळेल? चिकूच्या वाडीत फवारणीच्या दिवसांत हिला उभं करणार नाही कुणी. वीटभट्टीवर धूर. मासळी सुकवायला मिठाचा वारा. तिला आता जे काम मिळेल त्यात वास असणारच होता.

मी कागद परत सरकवला.

"हे असं नाय झालं," मी म्हटलं. "दुसरं लिहा."

मुख्याध्यापक म्हणाले, मावशी, तुम्हाला तिची माया येते, ते समजतं, पण भावनेच्या भरात काही सांगू नका.

"मला माया नाय येत. ती माझी कोण? मला नीट आठवतं, एवढंच."

मग मी सांगितलं. कॅन मी आणला. छाप मी शिकवले. माहिती दिली म्हणता, ती मलाच नव्हती. मी बाही वर केली आणि मनगट टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे वड्याचं तेल नाही, हे तुमच्या प्रयोगशाळेतलं आहे, तेव्हा एकही अपघात नाही हे पण खोडा. क्लार्क लिहायचा थांबला. संस्थेतल्या एकाने विचारलं की तेव्हा का कळवलं नाही. मी म्हटलं, कळवलं असतं तर आज तुम्ही जे तिचं करताय ते तेव्हा माझं झालं असतं. त्यावर त्यांनी चहाचा कप उचलला, पण तो रिकामा होता.

त्यानंतर मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, मागचं कपाट तपासणं माझं काम होतं, तेही लिहा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला त्या बाईबद्दल तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला.

गाडी मला सोडायला आली नाही. मी हायवेवरून जीपने गेले.

तिला काढलं नाही. दवाखान्याचं शाळेने बघितलं, सगळं नाही. प्रयोगशाळेत तिला जायला बंदी, ती आता फाटकाजवळ बसते आणि घंटा देते. नवऱ्यानेही यंदा बोट धरली नाही. पाड्यात काही जण म्हणाले, म्हातारीने पोरीला वाचवलं. त्यांना मी गप्प बसवलं. मी तिला वाचवलं नाही, मी तिला तिथे घातलं होतं.

तिने स्वतः माझ्याशी दोन महिने बोलणं टाकलं होतं. एक दिवस मी तिच्याकडे ताडगोळे घेऊन गेले. ती ओट्यावर बसली होती. तिने ते घेतले, मुलींना दिले. मग म्हणाली,

"मावशी, हात भाजलेला. मग मला का नाय दाखवला?"

मला पुष्कळ उत्तरं सुचली होती वाटेत.  पण मी एवढंच म्हटलं, "मला वाटलं, मला येतं."

ती हसली नाही, रागावलीही नाही. श्वास नीट झाल्यावर म्हणाली, "मलापण तसंच वाटलं ना."

मॅडमनी मला नंतर चार शनिवार शाळेत बोलावलं. मागच्या कपाटात चिठ्ठ्या गळालेल्या पुष्कळ बाटल्या होत्या आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय त्या फेकताही येत नव्हत्या. मोरीत ओतायचं नाही, मातीत ओतायचं नाही, एकत्र तर नाहीच. जुन्या बाटल्या ओळखणारी मी एकटी उरले होते. मॅडमनी मला चष्मा दिला, जाड हातमोजे दिले आणि खिडक्या उघडल्या. इतक्या वर्षांत मी हातमोजे पहिल्यांदा घातले. बोटं जाड झाल्यासारखी वाटत होती आणि बाटली निसटेल अशी भीती वाटत होती. मॅडम म्हणाल्या, भीती वाटू द्या.

मी सांगत गेले. ही पाण्यासारखी दिसते पण झोंबते, हिच्या बुचाला मी लाल चिंधी बांधली होती. ही निळी, पोरांना आवडायची, हिचे खडे पडतात. ही आग छाप. मॅडम लिहीत गेल्या, चिठ्ठ्या चिकटवत गेल्या, मराठीत मोठ्या अक्षरात. दोघी मिळून वेगवेगळ्या खोक्यांत ठेवत गेलो. काळा कॅन त्यांनी आधीच वेगळा काढून कुलपात ठेवला होता, न्यायला खास माणसं येणार होती.

शेवटच्या शनिवारी सगळ्यात आतल्या कोपऱ्यातून एक बुटकी बाटली निघाली. तळाला पांढरं काही होतं, वर धूळ. चिठ्ठी नाही, चिंधी नाही. मॅडमनी विचारलं, ही कसली? मी बाटली उजेडात धरली. मीठ असेल, असं माझ्या तोंडात आलं होतं. तीस वर्षं त्या खोलीत मी असंच उत्तर द्यायचे आणि लोक ते धरून चालायचे.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मॅडमनी तेच शब्द कागदावर लिहिले, कागद बाटलीला चिकटवला आणि ती बाटली एकटी एका खोक्यात ठेवली. तेवढ्यात फाटकाजवळ तिने सुट्टीची घंटा दिली. चार टोल व्हायला हवे होते. तिसऱ्यानंतर ती खोकली, थोडी थांबली आणि मग चौथा दिला.